पुडीचा कागद

शिरड शहापूरच्या दवाखान्यातल्या करुणा सिस्टरला पदवी हवी होती. डिप्लोमा करून नोकरीला लागल्याला आठ वर्षं झाली होती. पुढचं शिकायचं तर नांदेडला दोन वर्षं राहावं लागलं असतं. पदरात चार वर्षांची ऐश्वर्या, नवरा सुरज परगावी नोकरीला. २००६ साली पेपरात जाहिरात आली : दूरच्या एका विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदवी, सगळं इंटरनेटवरून. करुणानं नाव घातलं आणि दर रविवारी ती वसमतच्या बसमध्ये बसू लागली.

वसमतचा कॅफेवाला प्रमोद तिला धडे उघडून द्यायचा, तिनं वहीत लिहून आणलेलं टाइप करायचा.

"सिस्टर, तुमच्यापेक्षा मीच जास्त शिकून राहिलो. उद्या मलाच सुई द्यायला बसवा."

"आधी घ्यायला शिक. मागच्या वेळी केवढा बोंबललास!"

वर्षाच्या शेवटी एका आजारी माणसाच्या कुटुंबाचा अभ्यास लिहायचा होता. करुणानं तांड्यावरच्या अमरसिंगचं घर निवडलं. त्याच्या दिपाला, एकोणीस वर्षांच्या पोरीला, क्षय झाला होता. सहा महिन्यांची औषधं घेतली की पोरगी ठणठणीत होणार होती. पण शेजारच्या तांड्यावरच्या मोहनसिंगच्या मुलाशी तिची सोयरीक जमलेली; म्हणून आई भिकाबाईनं करुणापुढे पदर पसरला होता, "बरी होईस्तोवर कोनाला कळू नका देऊ." तेव्हापासून आठवड्यातून तीनदा दिपा दवाखान्यात न येता करुणाच्या स्वयंपाकघरात बसून गोळ्या गिळायची.

अभ्यासात करुणानं खरी नावं लिहिली. एवढ्या लांबून कोण बघायला येतंय? शिवाय खऱ्या नावांनी काम खरं दिसतं, कुणाचं उतरवलेलं वाटत नाही. आपल्यासाठी प्रत छापताना दोन पानांवर शाई पसरली. "टाकू का डब्यात?" प्रमोदनं विचारलं.

"नको, दे इकडं." असले कागद कॅफेत ठेवायचे नसतात, एवढं तिला कळत होतं. तिनं ते घडी घालून पिशवीत टाकले आणि आपण किती जपून वागतो याचं तिला बरंही वाटलं.

तीच पिशवी घेऊन ती मंगळवारी तापाच्या गोळ्या वाटायला मोहनसिंगच्या तांड्यावर गेली. माणसांची ही गर्दी. पुड्या बांधायचे कागद संपले. बोलता बोलता तिनं पिशवीत हात घातला, हाताला लागले ते कागद टराटरा फाडले, चार चार गोळ्यांच्या पुड्या बांधल्या. कुणाला कुठली पुडी गेली, तिनं पाहिलं नाही.

शुक्रवारी दिपा आली नाही. सोमवारी भिकाबाई एकटीच आली आणि चुलीपाशी मटकन बसली.

"मोडली सोयरीक. पोरगी चटईवरून उठून नाही राहिली. गोळ्या घेत न्हाई म्हन्ती."

"कळलं कसं?"

"कागदावर वाचलं म्हनतात. पुडीच्या कागदावर दिपाचं नाव, बापाचं नाव, बिमारीचं नाव, समदं छापेल." भिकाबाईनं डोळे पुसले. "दवाखान्याच्या हापिसातल्याच कोन्या मेल्यानं तुमच्या रद्दीत घातला असंल. तिथल्यांना अन् तुमाला सोडून कोनाला ठाऊक व्हतं? अन् तुमी तर न्हाई सांगनार."

करुणानं हातातली परात खाली ठेवली. आता बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "चहा घ्या, भिकाबाई." भिकाबाईनं घेतला, वर म्हणाली, "तुमीच तेवढ्या आपल्या."

दोन दिवस करुणाला अन्न गोड लागलं नाही. ऐश्वर्याला भरवताना वाटायचं, हिचं नाव कुणी असं वाऱ्यावर सोडलं तर? बुधवारीही दिपा आली नाही. त्याच दिवशी प्रमोदचा फोन आला : अभ्यासाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडलेत, विद्यापीठ तो नमुना म्हणून इंटरनेटवर लावतंय. "पेढे पायजेत, सिस्टर!"

"त्यांना आत्ता लिही, लावू नका म्हणावं. काढून टाका म्हणावं."

"काहून?"

तिनं फोन ठेवला आणि तशीच उन्हात तांड्याकडे निघाली. वाटभर शब्द जुळवत होती.

अमरसिंग शेतात गेला होता. भिकाबाई दारात धान्य निवडत होती. करुणा जमिनीवर बसली आणि जुळवलेलं काहीच न आठवता म्हणाली, "तो कागद माझा होता. पदवीसाठी मीच लिहिला, पुडीही मीच बांधली."

भिकाबाईनं सूप बाजूला ठेवलं. ती म्हणाली, "लिव्हायचं ते लिव्हलं. माज्या लेकराचं नाव काहून लागत व्हतं?"

काम खरं दिसावं म्हणून, हे खरं उत्तर करुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आतून दिपा दाराशी आली. ओढणी तोंडावर, डोळे सुजलेले. तिनं सगळं ऐकलं होतं.

"माज्या गोळ्या आनल्या का?"

करुणानं पिशवी चाचपली. दिपाच्या नावाचा औषधाचा डबा घरी फळीवरच होता. माफी मागायची म्हणून ती एवढी धावत आली होती, आणि तीन खुराक चुकलेल्या पोरीच्या गोळ्या तिला आठवल्यासुद्धा नव्हत्या.

"मग कशाला आलात?" दिपा म्हणाली.

"आणते. आत्ता आणते." करुणा उठली, चप्पल नीट न चढवताच वाटेला लागली. येऊन-जाऊन सहा किलोमीटर होते.