परक्यांच्या बुटांची राखण

एडना फनेल दर ऑगस्टमध्ये एकदा ककमीअर नदीच्या मुखापाशी जायची आणि परक्या माणसांच्या बुटांवर पहारा देत बसायची. कुणालाही हसू येईल. आइस्क्रीमच्या गाडीवाल्याला तर यायचंच. "काय मिसेस फनेल, आज गिऱ्हाईक बरं आहे ना?" असं तो लांबूनच ओरडायचा.

ओहोटीला तिथे पाणी गुडघ्याएवढं उतरतं. सहलीला आलेली माणसं खडूच्या पांढऱ्या कड्यांखाली, गोट्यांवर बूट काढून ठेवतात आणि विजारी दुमडून पलीकडे जातात, कारण कडे खरे दिसतात ते पलीकडूनच. फोटो काढायचा, परत यायचं, पाय पुसायचे. भरती लागली की मात्र ती नदी कुणाची नसते.

एडनाचा नवरा राल्फ असाच गेला. "तू कड्याखाली उभी राहा, मी पलीकडून तुझा फोटो काढतो," म्हणाला आणि कॅमेरा गळ्यात अडकवून पाण्यात उतरला. तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. एडना बिचारी फोटोसाठी हसत उभी होती, ती तशीच उभी राहिली. धुकं विरलं तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं, आणि पाणी माणूस बुडेल इतकं चढलं होतं. त्याचे बूट अलीकडे होते, मोजे आत खुपसलेले. बचाव-बोट फिरफिर फिरली. प्रेत मिळालं नाही.

नवरा मेलेली बाई रडून मोकळी तरी होते. एडना ना धड सधवा, ना धड विधवा. लुइस गावातल्या शाळेत पोरांना जेवण वाढण्यात तिचा जन्म गेला. पोस्टातल्या हॉवर्डने तिला मागणी घातली होती. सोन्यासारखा माणूस. पण राल्फ कधी किनाऱ्याला लागला तर त्याला घरी कोण आणणार, या विचाराने तिने नाही म्हटलं. पहाटे कधी कधी जिन्यात ओली पावलं वाजायची. ती घाबरायची नाही. उठून खालच्या पायरीवर टॉवेल ठेवून यायची, आणि सकाळी तो कोरडा सापडला की दिवसभर कुणाशी बोलायची नाही. मला विचाराल तर असल्या प्रेमाला दृष्ट लागलेली बरी.

या सहलीला तिच्याबरोबर नेहमी नणंद यायची, बेरिल. राल्फची थोरली बहीण. तोंडाने फटकळ, पण एक वर्ष चुकली नाही.

त्या वर्षी दुपारपर्यंत सगळे बूट आपापल्या मालकांच्या पायांत गेले. एकच जोड राहिला. मोठा, काळा, टाच एका बाजूला झिजलेली. पाणी वळलं होतं.

"बेरिल, कुणाचा गं हा?"

"मला काय ठाऊक? सँडविच खा. अंड्याचं आहे, वास मारायला लागेल."

"तो पलीकडे राहिला असेल. भरती आली बघ."

"तुझी ही दरवर्षीची नाटकं, एडना! बस जाईल आपली."

एडना उठून काठाशी गेली. पाणी गोट्यांवरून सरसरत वर येत होतं. पलीकडे गवतात कुणीतरी उभं आहे असं तिला वाटलं, गळ्यात काहीतरी लटकलेलं. तिने हात हलवला. त्याने हलवला नाही. तिने डोळे पुसून पुन्हा पाहिलं तर तिथे नुसता कुंपणाचा खांब होता. 

"बुडाला गं! मी इथे असून बुडाला!" ती किंचाळली. "गाडीवाल्याला सांग, बोट बोलवायला सांग!"

"कुणी बुडालं नाही," बेरिल बसल्या जागेवरून म्हणाली. "पुलावरून येईल फिरून. वाट लांबची आहे, एवढंच. अक्कल असलेला कुठलाही माणूस तेच करतो."

आणि खरंच, थोड्या वेळाने मागच्या वाटेने एक जाडगेला गृहस्थ आला. अनवाणी, लालबुंद, पावलापावलाला शिव्या घालत. "मेले दगड! देवा रे, माझे तळवे!" बूट चढवून, दोघींना उगाच नमस्कार करून तो निघूनही गेला.

एडनाच्या जिवात जीव यायला हवा होता. तो आला नाही. ती पुलाच्या वाटेकडे बघत राहिली. राल्फ आणि बेरिल याच खोऱ्यातल्या मळ्यावर वाढले होते. भरती कधी लागते हे त्यांना दूध पिता पिताच कळलं असेल. जे या शहरी गड्याला सुचलं ते राल्फला सुचलं नसेल? आणि बेरिलला मघाशी एवढी खात्री कशी होती?

ती परत आली आणि बेरिलच्या समोर बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण आवाज साधा होता.

"कुठे असतो तो?"

बेरिलने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"नाही आता. चार वर्षं झाली. तिकडे उत्तरेला, ब्लॅकपूलला असायचा. छातीचं दुखणं होतं."

"एकटा?"

"नाही गं. बाई होती. दोन मुली आहेत."

नदी आता या काठापासून त्या काठापर्यंत भरली होती. पाण्यावर कड्यांचा पांढरा रंग हलत होता.

"तुला माहीत होतं," एडना म्हणाली. "आणि तू दरवर्षी माझ्याशेजारी बसून सँडविच खाल्लंस."

"तू एकटी आलीस तर त्याच्यामागे पाण्यात उतरशील, याचं भय वाटायचं मला. सांगितलं असतं तर घरीच काही करून घेतलं असतंस. मी काय करणार होते, एडना? भाऊ होता माझा."

"हॉवर्डला मी नाही म्हटलं तेव्हा तू माझ्याच स्वयंपाकघरात होतीस."

 बेरिल रडायला लागली, म्हाताऱ्या माणसांचं असतं तसं, आवाज न करता. एडनाने तिला रुमाल दिला, सवयीने.

"बुडालेल्या माणसावर मला कधी रागावता आलं नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं एकदाही नाही. आता तो राग घेऊन मी जाऊ कुणाच्या दारात, तेही सांगून टाक."