टॉवेल-टोपी झालेला माणूस

पोखरणला स्फोट झाल्याची बातमी आली तेव्हा बाबांनी आमच्या गल्लीत पेढे वाटले. भूकंपानंतर शिरूर अनंतपाळ सोडून आम्ही लातुरात भाड्याने राहत होतो. तेव्हापासून बाबांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. दादाच्या अमेरिकेचे पेढेही यातच उरकू, असं ते आईला म्हणाले.

दादा हैदराबादला एका सरकारी प्रयोगशाळेत होता. अमेरिकेतल्या विद्यापीठाने त्याला बोलावलं होतं, व्हिसा तेवढा बाकी होता. पण आमच्या घराला दम कुठला? बाबांनी त्याला राजीनामा द्यायला लावला, पाहुणे जेवून गेले, निरोपाचा टॉवेल-टोपीचा आहेरही झाला. आणि आमच्याकडे टॉवेल-टोपी झालेला माणूस गावात दिसला की लोकांना चैन पडत नाही.

मग अमेरिकेने भारतावर निर्बंध घातले. दादाची जुनी प्रयोगशाळा त्यांच्या काळ्या यादीत निघाली आणि त्याचा व्हिसा नाकारला गेला.

"भूकंपात ब्लँकेटं धाडणारे हेच ना?" बाबा म्हणाले. "मग आता पोराला का अडवायलेत?"

"मला न्हाई बाबा, सरकारला अडवायलेत. लोकाला चिमटा बसला की लोक सरकारला जाब विचारतील, असं त्यांचं गणित हाय."

गणित साफ चुकलं. दिल्लीचा बाबांना अभिमानच होता. जाब ते दादालाच विचारायचे. दुसरी प्रयोगशाळा मिळाली नव्हती का? राजीनाम्याची एवढी घाई कुणाला होती? मला भयंकर चीड यायची. दादा नुसता येरझाऱ्या घालायचा. बाहेर पडायचा तोही मागच्या दाराने, कारण पुढे कुणीतरी "आजून गेला न्हाईस?" म्हणून टपलेलंच असायचं. त्याच सुमारास लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले आणि तो फिजिक्स शिकवू लागला. वर्षभरच, म्हणायचा.

काही वर्षांनी निर्बंध उठल्याची बातमी बाबांनीच पेपरात वाचली. त्यांनी दादाला हाक मारली.

"आता जाशील ना रे?"

"ती जागा कवाच भरली, बाबा," दादा चपला शोधत म्हणाला. "दुसऱ्या देशाचं पोरगं गेलं तिथं."

बाबांनी पेपराची घडी करून बाजूला ठेवली. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दिल्लीला एक सणसणीत शिवी हासडली. ती ऐकायला दादा घरात नव्हता. त्याची बॅच सुरू झाली होती.