उशीला अडणारी मूठ

धारवालीला एखादा प्रश्न पडला की तिच्या ताटातलं जेवण गार होणार, हे घरात ठरलेलंच होतं. शस्त्रक्रियेच्या कात्र्या बनवणाऱ्या कारखान्यात तिने बावीस वर्षं धार लावली. हे नाव तिथेच चिकटलं. कारखाना बंद पडला तेव्हा सोबतच्या बायका दुसरीकडे काम शोधायला लागल्या आणि ही आजेसासऱ्यांचा गंजलेला वस्तरा खोलून बसली.

दोन दिवसांनी नवऱ्याने विचारलं, "काय सापडलं?"

"पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासलंय. का, ते कळत नाही."

ते कळेपर्यंत वर्ष उलटलं आणि तोवर मागच्या खोलीत भट्टी, ऐरण आणि सहाणेचे सात दगड येऊन बसले होते.

आता तिच्या वस्तऱ्यांना लांबून मागणी यायची. पात्यावर लाटांसारखी नक्षी, मुठीला शिंगाच्या नाहीतर लाकडाच्या दोन पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांच्या मधे पातं अलगद मिटायचं. धार तपासायला हक्काचा गाल घरातच होता. "लोकांच्या बायका नवऱ्याचं डोकं खातात, माझी दाढी खाते," असं कुरकुरत नवरा गाल पुढे करायचा.

एक दिवस शिंगाच्या मुठीचा एक वस्तरा परत आला. घेणारे एक निवृत्त ग्रंथपाल. सोबत चिठ्ठी होती : 'वस्तरा उत्तम आहे. पण हात अडखळतो. दोष बहुधा माझाच असावा.'

तिने धार भिंगाखाली धरली. डोक्याचा एक केस उपटून पात्याला नुसता टेकवला. केसाचे दोन तुकडे. नवऱ्याने दाढी करून पाहिली. "लोण्यात सुरी जावी तसा चालतोय."

"मग त्यांचाच हात का अडखळतो?"

"म्हातारा माणूस. थरथरत असेल."

"थरथरता हात असं अक्षर काढेल?" तिने चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. अक्षर टपोरं होतं, एकसारखं. ताटातली भाजी गार होत होती.

दुसऱ्या दिवशी वस्तरा पिशवीत घालून ती बसने दोन तास गेली. ग्रंथपालांनी दार उघडलं आणि ती पाहतच राहिली. त्यांची पांढरीशुभ्र दाढी पार छातीपर्यंत रुळत होती.

"तुम्ही... दाढी करता?"

ग्रंथपाल ओशाळले. त्यांनी आवाज खाली आणला. "वस्तरा दादासाठी आहे. माझा थोरला भाऊ. जहाजावर इंजिनं सांभाळायचा. चार वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जन्मभर वस्तऱ्याने दाढी केलेली, मशीन गालाला लागलं की तोंड फिरवतो. आपलं दुसऱ्याला करावं लागतं, हे बाहेर कळलेलं त्याला खपत नाही. म्हणून लिहिलं नाही."

"मी नुसती बघते. विचाराल त्यांना?"

ते आत गेले आणि जरा वेळाने दारातून त्यांनी होकारार्थी मान हलवली.

खोलीत भिंतीला लागून पलंग होता. दादा उशीवर टेकून पडले होते आणि पाहुणीला आपादमस्तक निरखत होते. ग्रंथपालांनी फेस लावला आणि वस्तरा उघडला. जवळचा गाल झरझर झाला. मग ते पलीकडच्या गालासाठी वाकले आणि हात थबकला. परत टेकवला, परत थबकला.

"थांबा!" धारवाली ओरडली. गळ्याशी वस्तरा असताना ओरडू नये, एवढंही तिला सुचलं नाही. "हात नाही अडखळत तुमचा! मूठ उशीला अडतेय!"

उघड्या वस्तऱ्याची लांब मूठ उशीत रुतत होती आणि पातं गालावरून उचललं जात होतं. आजवर तिचा प्रत्येक वस्तरा बसलेल्या माणसावरच तपासला गेला होता.

घरी येऊन तिने नवऱ्याला बाकावर आडवं केलं आणि मानेखाली दोन उशा दिल्या. पातं दोन बोटं आखूड केलं, म्हणजे त्याला मिटून घेणारी मूठही तेवढीच आखूड झाली, आणि शिंगाऐवजी हलक्या लाकडाच्या पट्ट्या घेतल्या. पहिल्या पट्ट्या खिळ्यापाशी चिरल्या. दुसऱ्या खेपेला पातं इतकं हलकं झालं की केसांवरून नुसतंच घसरायला लागलं. "अजून किती उरलीय माझी दाढी, जरा विचार कर," नवरा उशीवरून म्हणाला. तिसऱ्या खेपेला पात्याची पाठ जाड ठेवली, तेव्हा कुठे काम जमलं.

नव्या वस्तऱ्याने पलीकडचा गाल एका दमात झाला. दादांनी डावा हात गालावरून फिरवला, हनुवटीखाली नेला, पुन्हा वर आणला. मग उशाची पाटी ओढली आणि वाकड्या अक्षरात लिहिलं : 'नक्षी कशी?'

"पहिला वस्तरा आल्यापासून हेच चाललंय," ग्रंथपाल म्हणाले. "दाढीआधी पातं खिडकीपाशी फिरवून दाखवावं लागतं."

"दोन जातींचं पोलाद एकावर एक रचायचं, तापवून ठोकायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं," धारवाली सांगू लागली. "शेवटी आम्लात बुडवलं की एक काळवंडतं, दुसरं तसंच उजळ राहतं."

इंजिनांचा माणूस नुसत्या बोलण्यावर थोडाच ऐकतोय. पाटीवर आणखी एक शब्द आला : 'दाखवा.'

पुढच्या आठवड्यात ती घासून गुळगुळीत केलेला एक तुकडा, काचेची बशी, रबरी मोजे आणि आम्लाची बाटली घेऊन आली. आधी तुकडा दादांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात तिरपा केला, नखाने खरवडून पाहिला. कोरा करकरीत, एक रेघ नाही. मग खिडकीच्या फळीवर बशी ठेवून तिने तो आम्लात सोडला. ग्रंथपालांनी भावाला कुशीवर वळवून धरलं. पोलादावर बारीक बुडबुडे चढले, चकाकी करडी झाली. तिने तुकडा धुतला, फडक्याने पुसला आणि दादांच्या डोळ्यांसमोर धरला. लाटा उमटल्या होत्या, एकीच्या पोटात दुसरी.

दादांच्या घशातून घर्र असा आवाज आला. ग्रंथपाल घाबरून त्यांच्यावर वाकले, मग थांबले. "हसतोय तो," ते पुटपुटले.

दादांनी तुकडा उलटा केला आणि दुसरी बाजू पाहिली. तिथल्या लाटा वेगळ्या होत्या. त्यांनी धारवालीकडे पाहिलं आणि पुन्हा पाटी ओढली.