रेघेच्या वर चढलेलं तेल

माझ्या नणंदबाई एकतीस वर्षं बसच्या गॅरेजात मेकॅनिक होत्या, आणि त्यातली निम्मी वर्षं बसखाली आडव्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सवय गेलेली नाही. गाडी दिसली की बाई आधी वाकून तिच्या पोटाखाली बघणार. माझ्या मुलाच्या लग्नात सगळे फोटोला उभे राहिले, तेव्हा बाई नव्या कपड्यांत नवरदेवाच्या गाडीखाली डोकावत होत्या. फोटोत त्यांची फक्त पाठ आलीय. तो फोटो मी अजून कुणाला दाखवत नाही.

आमचं तसं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यांना माझं तोंड सहन होत नाही, मला त्यांचं मौन. मी दहा वाक्यं बोलावीत आणि त्यांनी 'हं' म्हणावं, ह्याला काय संभाषण म्हणायचं?

तर मुद्द्यावर येते. आमच्या ह्यांनी तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात उभं राहून काढली. लोकांना लांबचं दिसतंय का हे विचारण्यात जन्म गेला, आता मला स्वतः लांबचं बघायचंय, असं म्हणत निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मोटरहोम घेतली. आत दोन बिछाने, दोन शेगड्या, बशीएवढं बेसिन आणि गुडघ्याला लागणारं घडीचं टेबल. मी कडाडून विरोध केला. आहे ते घर झाडून होत नाही, त्यात चाकांवरचं आणखी एक? मी तिला 'धूड' म्हणायचे, ह्यांच्या तोंडावर. पहिल्या वर्षी आम्ही दोनदा समुद्रापर्यंत जाऊन आलो. त्या बिछान्यावर मला जितकी गाढ झोप लागली तितकी घरी कधी लागली नव्हती, पण हे कबूल करायला मी काय खुळी आहे?

मग धूड गळायला लागलं. पुढच्या डाव्या चाकामागे फरशीवर लाल तेलाचा डाग, आणि वळताना स्टिअरिंग कण्हायचं; महिन्याला तीन डबे तेल जायला लागलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने दोन मिनिटं खाली बॅटरी मारली आणि सांगून टाकलं की स्टिअरिंगचा बॉक्स गेला, हा भाग आता कुठे मिळत नाही. मुलाने फोनवरून लगेच एक माणूस शोधला. तो जुन्या गाड्या सुटे भाग काढायला नेतो, रविवारी येणार होता. मला वाटलं, हे आता आकाशपाताळ एक करतील. कांदे निवडून घेऊ देत नाही म्हणून भाजीवाल्याशी अर्धा तास वाद घालणारा माणूस! तर हे नुसतं "बरं" म्हणाले. पुढे एक शब्द नाही. जेवणही अर्ध्यावर आलं. ते बघून मात्र गुरुवारी मी अभिमान गिळून नणंदबाईंना फोन लावला. त्या 'हं' म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी बाई हजर. सोबत एक पिशवी, अंगात जुना निळा डगला. चहा नको, बसणं नको. माझ्याकडे मागितलं काय, तर मोठा पुठ्ठा, चिंध्या आणि अंगाला लावायची पावडर! पुढच्या दोन सीटांच्या मध्ये एक झाकण आहे, त्याखाली इंजिन. ते उघडून त्या तासभर फक्त धूत आणि पुसत होत्या. मी विचारलं, दुरुस्ती कधी सुरू होणार? त्यावर पहिल्यांदाच पूर्ण वाक्य ऐकायला मिळालं. तेल जिथे पडतं तिथे गळत नसतं, वरून कुठून तरी ओघळत येतं, आणि बिचाऱ्या शेवटच्या भागावर आळ येतो.

सगळं कोरडं झाल्यावर त्यांनी पाइपांवर, सांध्यांवर आणि त्या बदनाम बॉक्सवर पावडर भुरभुरली. पुठ्ठा खाली सरकवला. ह्यांना इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. वीस मिनिटांनी स्टिअरिंगच्या तेलाच्या छोट्या टाकीखाली, जिथे पाइपवर क्लिप आवळलेली असते, तिथली पावडर गुलाबी झाली. बॉक्स मात्र कोरडा ठणठणीत. बाईंनी पेचकसाने क्लिपला दोन आटे दिले आणि हात पुसले. मी टाळ्या वाजवणार होते, पण त्या मान हलवत होत्या. एवढ्याशा गळतीला महिन्यात तीन डबे तेल लागत नाही, म्हणाल्या. टाकी प्लास्टिकची, आतलं तेल बाहेरून दिसतं. त्यांनी तेलाच्या पातळीवर पेनने रेघ मारली आणि उद्या सकाळपर्यंत गाडीला कुणीही हात लावायचा नाही, असं बजावलं.

आता इथे मला माझं सांगितलंच पाहिजे. हे रोज सकाळी टाकीत तेल घालून गाडीची एक फेरी मारून यायचे. आणि दुपारी हे झोपले की मीही घालायचे. त्याच डब्यातून, गुपचूप. हे वळणावर असताना स्टिअरिंग अडलं तर, ह्या विचाराने मला घोर लागायचा. पण ज्या धुडाला चारचौघांत शिव्या घातल्या, त्याची काळजी करताना दिसायचं कसं? त्या शुक्रवारी दुपारीही मी घातलं. नणंदबाईंचा हुकूम काय, तो इतरांसाठी असणार.

शनिवारी सकाळी बाईंनी झाकण उघडलं आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. तेल रेघेच्या दोन बोटं वर होतं. गळणाऱ्या गाडीत तेल वाढलं होतं. एकतीस वर्षांत असं बघितलं नाही, म्हणाल्या, आणि कुणी हात लावला म्हणून विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांचा चेहरा बघितला. राखेसारखा झाला होता.

"ताई, मीच घातलं असणार," हे म्हणाले. "मला हल्ली आठवत नाही."

मग ते सीटवर बसून खाली बघत सगळं बोलले. दोन महिने डबा त्यांच्या हिशेबाच्या दुप्पट वेगाने संपत होता. एकदाच घातल्याचं आठवायचं, आणि डबा तर रिकामा. म्हणजे आपण घालतो आणि विसरतो. आज तेल विसरतोय, उद्या रस्ता विसरू, शेजारी बायको बसलेली असताना. म्हणून ते विकायला 'बरं' म्हणाले होते. बॉक्सचं नुसतं निमित्त झालं होतं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"अहो, मी घालत होते," मी म्हणाले. "रोज दुपारी. कालही."

मग नणंदबाईंनी शांतपणे उलगडून सांगितलं. क्लिप ढिली होती तेव्हा थोडंसं गळायचं. आम्ही दोघांनी टाकी काठोकाठ भरली. तेल गरम झालं की फुगतं, ते झाकणातून उतू जाऊन पाइपवरून बॉक्सवर उतरायचं. गळतंय म्हणून आम्ही आणखी भरायचो. मला वाटलं, आता माझी चांगली हजेरी घेतील. तीस वर्षांची संधी होती! पण त्या नुसत्या भावाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

ह्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी, तेलकट झालेली वही काढून माझ्या हातात दिली. पानापानावर तारीख, वेळ आणि 'तेल घातलं, एकदाच'. शेवटच्या पानावर वेगळंच होतं. माझं नाव, मुलाचं नाव, आमच्या घराचा पत्ता. तेच खाली पुन्हा, आणि पुन्हा, शाळेतल्या मुलासारखं घोटून लिहिलेलं. रोज सकाळी न बघता लिहायचे आणि जुळतंय का ते तपासायचे.

मी तिथेच, सीटच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. हे हसत होते. दोन महिन्यांनी हसत होते. मुलाला फोन लावून, रविवारच्या माणसाला येऊ नको म्हणून सांग, असं म्हणत होते. मी डोळे पुसायला हात वर नेला तर नणंदबाईंनी मनगट धरलं.

"आधी हात धू," त्या म्हणाल्या. "तेल डोळ्यांत जाईल."