रिकाम्या ग्लासाचा धडा

आपल्या मुलांना इंग्रजी बोलता येत नाही, असं कोणी म्हणालं की अजूनही माझं डोकं फिरतं. येतं हो बोलता. ती काय बोलली ते ऐकून घ्यायची हिंमत आपल्यात नसते.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. आर्णीकडच्या एका शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवायला लागले. अख्खा वर्ग एका सुरात झकास बोलायचा. एकेकाला उभं केलं की तोंडात मिठाची गुळणी. ट्रेनिंगला आम्हाला शिकवलं होतं की हाताने जे करायचं, तेच तोंडाने बोलायचं. दार उघडता उघडता ‘मी दार उघडते आहे’ म्हणायचं. दार झालं, खडू झाला, कोणाची तरी टोपी झाली. मार्चच्या उन्हात मला पाणी सुचलं. घरून काचेचा ग्लास नेला आणि वर्गातल्या माठातून भरला.

मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. घर नुकतंच बौद्ध झालेलं. शाळेत नाव घालताना बापाने तसं ठणकावून लिहायला लावलं होतं. पोरगी मात्र हनुवटी छातीला लावून बोलायची. मी तिलाच पुढे बोलावलं, आणि घेणारी म्हणून पाटलांची मुलगी. “आय अ‍ॅम गिव्हिंग हर अ ग्लास ऑफ वॉटर,” ती म्हणाली. ग्लास काठोकाठ भरलेला. तो सांडू नये या काळजीत ती लाजायचं विसरली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा शेवटच्या बाकापर्यंत गेला. पाटलांच्या मुलीने ‘मी पाणी पिते आहे’ हे पिता पिता म्हणायचं होतं. तिला तहान लागली होती, तिने आधी घटाघटा पिऊन घेतलं. वर्ग हसला, मीही हसले.

पाटलांचा भाऊ शाळेच्या समितीवर होता. तो संध्याकाळीच हेडमास्तरांकडे जाऊन आला. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं.

“बाई, तुम्ही इंग्रजी शिकवून राह्यल्या का गाव बाटवून राह्यल्या?”

“पाणी दिलंय सर, विष नाही.”

“तपासणी तोंडावर आली. त्या पोरीले धड्यातून काढा. कायले नसता घोर?”

“ती नाही तर धडाही नाही. मग तपासणीच्या साहेबांना कारण तुम्हीच सांगा.”

ते जरा नरमले. “मंग ग्लास रिकामा ठेवा. पाणी असो का नसो, इंग्रजीले काय फरक पडते?”

आणि त्यांनी माठ वर्गातून उचलून ओसरीत नेला आणि पाणी द्यायला शिपाई बसवला. शिपाई कोणाला पेल्यात पाणी द्यायचा आणि कोणाच्या ओंजळीत वरून ओतायचा, हे सांगायला नको. अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊन वर्षं लोटली होती. शाळेच्या भिंतीवर सुविचार मात्र रोज नवा! माझा संताप संताप व्हायचा.

मुलीची हनुवटी पुन्हा छातीला गेली. सरावाला रिकामा ग्लास हातात घेतला की तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. ही आता कायमची गप्प होते की काय, या धास्तीने मला घास गोड लागेना.

तपासणीच्या दिवशी साहेब आणि हेडमास्तर शेजारीशेजारी बसले. मी तिला बोलावलं. तिने ग्लास उचलला, पाटलांच्या मुलीपुढे धरला, आणि थांबली. ग्लासात पाहिलं. मान वर केली.

“आय अ‍ॅम गिव्हिंग हर अ ग्लास,” ती म्हणाली. “देअर इज नो वॉटर इन द ग्लास.”

हे वाक्य मी तिला कधी दिलं नव्हतं. ते तिचं होतं, आणि खणखणीत होतं.

साहेब खूश झाले. “गुड! व्हाय?”

‘व्हाय’ तिला कळत होतं, पण ‘बिकॉज’पर्यंत आम्ही पोचलो नव्हतो. तिने साहेबांच्या शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

“हेडसरले विचारा, साहेब.”

साहेबांनी फक्त मान वळवायची होती. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते उठले. हेडमास्तर चहाचं सांगायला पुढे धावले. दारात साहेब मला म्हणाले, “मुलगी चांगली आहे, पण शेवटी मराठीत घसरली. बोलण्याचा सराव कमी पडतो, बाई.”

“साहेब, तुम्ही विचारलंत, तिने सांगितलं. आता विचारा ना सरांना!” माझा आवाज चढला होता.

ते ओसरी उतरून गेले. मी वर्गात परतले तर ती अजून उभीच, ग्लास हातात, मान तशीच वर.

“बाई, बसू काय?” ती म्हणाली. “का साहेब विचारून वापस येऊन राह्यले?”

बाहेर जीप सुरू झाली. सगळ्या वर्गाने ती ऐकली.