मामाने लावलेला कौल

माझ्या मामाइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्या माणसाची काळजीही आमचा मामाच करत असेल. राहतो रोह्याजवळच्या गावात, पण जीव अडकलेला पेणला, आमच्या घरात. पेणजवळच्या गडब गावाशी रस्ता खराब झालाय असं कुणी नुसतं म्हटलं की याचा फोन, "आज कुणी बाहेर पडू नका गो!" काळजीवर त्याचा उपाय एकच, गावदेवीला कौल लावायचा. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लोक जमीन विकताना कौल लावतात, मामा कुकर घेतानाही लावतो. मामी वैतागते, "त्या देवीला जरा टेकू द्या हो!" पण डावा कौल आला म्हणून मामाने ठरवलेली मोटारसायकल सोडली, आणि आजही तो एसटीनेच हिंडतो. देवीचा शब्द मोडणं त्याच्या रक्तातच नाही.

मी एमएस्सीची प्रवेशपरीक्षा द्यायची ठरवलं आणि मामाला काम मिळालं. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात हे ऐकून तो उठूनच उभा राहिला. "हातातले मार्क काढून घेतात? ही परीक्षा हाय का पाकीटमारी?" परीक्षेच्या दिवशी केंद्रावर माझ्याआधी हजर! मी आत गेल्यावर म्हणे फाटकाशी उभं राहून एकेका पालकाला पोरांची तयारी विचारत होता. मी बाहेर आले तर हा घामाघूम. "सगळी हुशार हायत गो. एक चष्मेवाली तेवढी तापाने फणफणलीय, तिच्याकडून तुला भीती नाय." एवढं बोलून हा गृहस्थ गेला कुठे, तर त्या चष्मेवालीसाठी तापाची गोळी आणायला!

स्कोअर आला तो पडलेल्या तोंडाने. मला दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत जायचं होतं, तिथल्या मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या तो खालीच होता. अर्ज करून हसं कशाला करून घ्या, म्हणून मी जवळच्याच कॉलेजांवर समाधान मानायचं ठरवलं.  मामा म्हणाला, "थांब, देवीला विचारतो." दुसऱ्या दिवशी फोन आला, "उजवा दिलान! भर अर्ज!" माझा कौलावर काडीचा विश्वास नाही, पण त्याचा आवाज इतका ठाम मी कधी ऐकला नव्हता. भरला अर्ज. दुसऱ्या यादीत नाव लागलं, आणि मी गेले.

पहिल्या सुट्टीत मामाकडे आले होते. मामी वालाच्या शेंगा सोलत होती. सोलता सोलता सहज बोलून गेली, "तुझा कौल डावाच आला होता बरं का. गुरव म्हणाला, पोरीला थांबवा. हे घरी आले ते जेवलेसुद्धा नाहीत."

मी तशीच पडवीत गेले. "मामा, तू देवीच्या नावाने खोटं बोललास?"

 मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय करू गो? तुझं तोंड बघवत नव्हतं. देवीला सांगितलं, पोरीला मी पाठवतोय. यात काय वाईट व्हायचं असंल ते माझ्या वाट्याला घाल, तिला हात लावू नको." मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाला, "मला काय नाय झालेलं! गुडघा तेवढा दुखतोय."

मला रडूच आलं. तो गुडघा वयाने दुखतोय हे मला कळतं, डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. पण आता मामाकडे गेले की मी आधी गावदेवीच्या देवळात जाते. स्वतःसाठी काही मागत नाही. हात जोडून एवढंच म्हणते, बाई गं, आमचा मामा त्या दिवशी काय बोलला ते मनावर घेऊ नकोस.