वाट पाहणारी पाटी

आमचे धाकटे भावोजी लिफ्टचे मेकॅनिक. माणूस असा घुमा, की चार वेळा विचारावं तेव्हा एकदा ‘हूं’ म्हणणार. पण पाळी संपवून घरी आले, की आतल्या खोलीतून त्यांचं एकट्याचं हसणं ऐकू यायचं.

"लंबूनं पुन्हा माझा किल्ला पाडला, वहिनी!"

लंबू त्यांचा कामावरचा जोडीदार. तरुणपणी कंपनीच्या कोठीत दोन कॉम्प्युटर वायरीने जोडून दोघं हा लढाईचा खेळ खेळत. पुढे लंबूला अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं, वाचा गेली. उरला उजवा हात आणि खोडकरपणा.

खेळ इतका जुना, की एका खोलीपलीकडचा कॉम्प्युटर त्याला दिसतच नाही. भावोजींनी खटपट करून इंटरनेटवरून दोन्ही घरं जोडणारा एक प्रोग्राम बसवला. "खेळाला फसवलंय. त्याला वाटतं, आम्ही अजून कोठीतच आहोत." लंबू टाइप करून टोमणे मारायचा, ‘बारक्या, हे सैन्य आहे की वरात?’

नेट अडकलं की चित्र थिजायचं आणि पाटी यायची : गड्याची वाट पाहत आहे. खाली त्याला काढून टाकायचं बटण. ते दाबायचं नाही, हा कोठीपासूनचा नियम. डावात कुणाला कामाची हाक आली, तर दुसऱ्याने बसून राहायचं.

त्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर पाटी आलेली.

"फोन करून बघा ना."

"तो काय बोलणार फोनवर? नेट असेल. येईल."

चहा झाला. वाळलेले कपडे आणले, त्यांनी माझ्याबरोबर घड्यासुद्धा घातल्या. अधूनमधून मान वळवून पाटी बघत होते. मग फोन वाजला. लंबूची बायको कामावरून घरी आली होती. तो खुर्चीतून कोसळला होता. पडताना पायात अडकून नेटची वायर निघाली होती.

"जरा आधी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले. लंबू गेला.

भावोजींनी कॉम्प्युटर बंद केला नाही. मी झाडायला जायची, पाटी तशीच. जेवायला बोलावलं की म्हणत, "भूक नाही."

एका संध्याकाळी लंबूची बायको आली. पडद्यासमोर उभी राहिली.

"मी तुम्हाला फोन केला असता तर, वहिनी..." भावोजींनी शेवटी तोंड उघडलं.

"हो," ती म्हणाली. "केला असता तर."

मला वाटलं होतं, ती ‘तुमचा काय दोष’ म्हणेल. तिने तसं म्हटलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली.

"दाबा ते. किती दिवस ताटकळत ठेवणार आहात त्याला?"

त्यांचा हात उचलेना. तिने वर आपला हात ठेवला आणि बटण दाबलं.

पाटी गेली. स्पीकरमधून तुताऱ्या वाजू लागल्या, पडद्यावर मोठी सोनेरी अक्षरं आली : तुम्ही जिंकलात. भावोजी स्पीकरची वायर शोधत राहिले.